काकूने न चाखलेली ताकोयाकी

जाताना माझं तिकीट एकच होतं. परतीची दोन होती.

नेवार्कच्या विमानतळावर निखिलदादाने डिकीतून माझी बॅग काढून दिली आणि घरापासून चारदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं. "तू आईशी बोल. घाई करू नकोस, पण बोल. सोमवारी दोघी एकत्रच निघा. तिला म्हणावं छोटी बॅग घे, बाकीचं सामान मी नंतर मागवून घेईन."

"मीच का पण?"

"कारण तू आर्ग्यू करत नाहीस. माझं आणि तिचं दुसऱ्या वाक्याला भांडण होतं."

निखिलदादा माझा चुलत भाऊ. जन्मला, वाढला सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलमध्ये, आता नोकरीमुळे न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला असतो. मी कामासाठी इकडे आले तेव्हा 'घर मिळेपर्यंत' म्हणून त्याच्या वरच्या खोलीत राहायला लागले, त्याला वर्ष उलटून गेलं. त्याने कधी कुरकुर केली नाही, त्यामुळे त्याला नाही म्हणायची मला सोयही नव्हती. काका गेल्यापासून काकू बॉथेलच्या घरात एकटी असते. गेल्या हिवाळ्यात ती अंगणातल्या बर्फावरून घसरली, मनगट मोडलं, आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून दादाला झोप नाही. त्याने खालची खोली तिच्यासाठी तयार केली, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, रंगाचे डबेही आणून ठेवले. मी एकटी परतले असते तर रोज त्या खोलीवरून जिना चढायचा होता.

विमानात मला स्थिर बसवेना. मासिक उघडलं, मिटलं. पाण्याचा पेला हातात घेऊन तो ठेवायला जागा शोधत राहिले. माझा स्वतःचाही एक बेत होता, तो मी कोणालाच सांगितला नव्हता. मला ताकोयाकी खायची होती.

ताकोयाकी म्हणजे पातळ पिठात ऑक्टोपसचा तुकडा घालून लोखंडी खळग्यांत भाजलेले गोळे, लिंबाएवढे. कंपनीने मला एकदा ओसाकाला पाठवलं होतं. तिथे हॉटेलच्या मागच्या गल्लीत एक माणूस टोकदार सळीने हे गोळे फिरवत उभा असायचा. पहिल्या संध्याकाळी टाळू भाजली, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गेले, मग रोजच. त्याच्याशी बोलावं लागत नसे, बोट दाखवलं की झालं. हे मला फार सोयीचं होतं. पण ठाण्याला आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही, दादाच्या स्वयंपाकघरातही नाही. न्यू जर्सीत मी मॉलमध्ये दोन-तीनदा गुपचूप खाऊन पाहिली, ती गार आणि लिबलिबीत होती. सिअ‍ॅटलमध्ये चांगली मिळते असं वाचलं होतं. काकूला काहीतरी कारण सांगून तासभर सटकायचं, असं मी मनात पक्कं केलं होतं. तिच्याशी काय बोलायचं ते मात्र काहीच पक्कं नव्हतं.

उतरताना डावीकडच्या खिडक्यांतून एकच पांढरा डोंगर ढगांच्या वर दिसला, बाकी कशालाही चिकटलेला नसल्यासारखा.

काकू स्वतः गाडी घेऊन आली होती. तिची मान स्टिअरिंगच्या जेमतेम वर दिसत होती. "डोंगर दिसला ना?" तिने पहिलं हेच विचारलं. "इथे लोक हवामान असंच सांगतात. आज डोंगर आहे, आज डोंगर नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बारीक झालीस. निखिल अजून तो ओट्सचा उपमाच खातो का?"

"हो."

"आणि तुलाही घालतो."

मी हसले. तिने लेन बदलली. मनगटावर एक गाठ राहिली होती, वळण घेताना ती दुसऱ्या हातावर भार टाकत होती. मी ते बघितलं आणि तिने मला बघताना बघितलं.

बॉथेलचं तिचं घर उंच काळपट झाडांच्या खाली आहे. ऑगस्ट असूनही सावलीत गारवा होता. मागच्या कुंपणावर ब्लॅकबेरीच्या काटेरी वेली चढल्या होत्या. तिने त्यांचा साखरांबा करून ठेवला होता, आणि पोळीबरोबर तो खाताना माझी जीभ जांभळी झाली. फोन टेबलावर थरथरला. दादा. 'बोललीस?' मी फोन उलटा ठेवला.

"कावळे दिसले नाहीत," मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं. बॉथेलच्या कावळ्यांबद्दल दादाकडून ऐकलं होतं.

"ते थंडीत यायचे. संध्याकाळी नदीच्या बाजूला आभाळ काळं होतं." काकू पोळीवर तूप घालत म्हणाली. "तुझ्या काकांच्या पहिल्या पितृपक्षात मी निखिलकडे होते. ताट अंगणात ठेवलं, कावळ्याची वाट बघत बसलो. खार आली. वडा घेऊन पळाली. निखिल म्हणतो, इट काउंट्स, मॉम."

हे बोलायची वेळ होती. पितृपक्ष, निखिल, त्याचं घर, सगळं एका ओळीत आलं होतं. मी तोंड उघडलं आणि आणखी पोळी मागितली.

"उद्या मला देवळात काम आहे," ती म्हणाली. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तू घरी थांब किंवा ये."

तासभर सटकायचा माझा बेत अलगद जमून आला होता. पण तिच्याशी बोलायचं तर सोबत जायला हवं. "येते," मी म्हणाले. त्या रात्री बॅगेतून रेशमी कुडता काढून मी खुर्चीवर टांगला. देऊळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आरती, प्रसाद आणि ओळखीच्या काकूंनी विचारलेले लग्नाचे प्रश्न आले होते.

सकाळी काकू जाड सुती पॅन्ट आणि जुने बूट घालून तयार होती. माझ्या कुडत्याकडे तिने एकदा बघितलं. "छान आहे," म्हणाली, आणि तिने गाडीची किल्ली उचलली.

गाडी तासभर दक्षिणेकडे गेली. देऊळ आलं तेव्हा मला वाटलं आपण रस्ता चुकलो. लाकडी, बसकी, शाळेसारखी इमारत, समोर डांबरी मैदान, मैदानाच्या मधोमध लाल-पांढऱ्या कापडाने गुंडाळलेलं मचाण आणि वर दोऱ्यांवर कागदी कंदील. जपानी बौद्ध मंदिर होतं ते. ओबोन (पितरांची आठवण करायचे त्यांचे दिवस) चालू होता. कडेने खाण्याचे तंबू लागत होते.

"हे देऊळ?" मी विचारलं.

"मग? देऊळच आहे."

एका तंबूत काळ्या लोखंडी पत्र्यांवर ओळीने खळगे होते. मी जागच्या जागी थांबले. काकूने पिशवीतून एप्रन काढला, मग फडक्यात गुंडाळलेली लाकडी मुठीची लांब सळी. जे खायला मी चोरून जाणार होते, ते माझी काकू करत होती.

तंबूत एक उंच, पांढऱ्या केसांची बाई हिरवा कांदा चिरत होती. काकूची शेजारीण जॉइस. बर्फात काकू सापडली ती हिलाच. तिचे आजोबा जपानहून आलेले, ती स्वतः इंग्रजीखेरीज काही बोलत नाही. "मला जपानी वीसेक शब्द येतात," तिने हात पुसत सांगितलं, "आणि सगळे खायचे." मग काकूकडे वळून, "सुलू, ही तीच का? न बोलणारी?"

"हीच. केतकी."

"उत्तम. मग हिला गर्दीच्या बाजूला नको उभी करू." आणि माझ्या रेशमी कुडत्यावर तिने स्वतःचा जादा एप्रन चढवला. तोवर पिठाचा पहिला थेंब बाहीवर पडून गेला होता.

काकूचं माहेर बेळगावचं. निखिलदादा शाळेत असताना जॉइसने तिला एकदा इथे मदतीला आणलं. फिरवणारा माणूस आला नव्हता, पीठ करपत होतं. काकूने कोणालातरी विणायची सुई मागितली आणि माहेरी आप्पे उलटतात तशी सुरुवात केली. "पहिला घाणा वाया गेला," ती म्हणाली. "आप्पा एकदा उलटला की झालं. हे तसं नाही. हे अर्धं उलटायचं, थांबायचं, कडेचं पीठ आत ढकलायचं, मग पुन्हा अर्धं. घाई केली की फाटतं." तेव्हापासून दर ऑगस्टमध्ये ती इथे असते. जॉइस पीठ ओतते, कोणीतरी ऑक्टोपस टाकतं, काकू फिरवते.

"आणि ऑक्टोपस?" मी हळूच विचारलं. काकू मांसमच्छी खात नाही, सोमवारी तर कांदाही नाही.

"मी हात लावत नाही. सळी लावते." तिने चेहरा सरळ ठेवला. "पिठातही माशाचं पाणी असतं, माहितेय मला. म्हणून कधी चाखलं नाही."

रांग लागली. मुलं, म्हातारे, किमोनोसारखे सुती युकाता (उन्हाळ्यात घालायचा सैल झगा) घातलेल्या मुली. मी कागदी होड्यांत गोळे भरत होते आणि वर सॉस सोडत होते. त्यावर कात्सुओबुशी (वाळवलेल्या माशाचे पातळ पापुद्रे) टाकले की ते वाफेने जिवंत असल्यासारखे हलतात. वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटत होतं. खिशात फोन तीनदा थरथरला. मी प्रत्येक वेळी हात पुसून बघत होते, 'अजून नाही' लिहून पुसत होते. एकदा काकूची सळी घसरली. मनगट वळलंच नाही. दोन गोळे फाटून आतलं पीठ वाहिलं. जॉइस पुढे झाली, फाटलेले बाजूला काढले आणि काकूच्या मागे स्टूल सरकवलं. काकू बसली नाही, पण तिने स्टुलाला पाय टेकवला.

दुपारी रांग जरा ओसरली. काकूने नवा घाणा काढला, एक गोळा कागदात ठेवला आणि माझ्यासमोर धरला.

"खा."

"काकू, मी..."

"अगं, सकाळपासून बघतेय. शाकाहारी माणूस पातेल्याकडे असं बघत नाही."

मी आवाज खाली आणला. "आईला माहीत नाही."

"तुझ्या आईला मी फोन करणार नाहीये. खा आणि सांग मला, कसं लागतं."

मी फुंकर घातली. तरी भाजलंच. ओसाकानंतर पहिल्यांदाच मला ती चव ओळखू आली. मी डोळे पुसत म्हणाले, "मस्त. खूप टेस्टी आहे."

"टेस्टी जॉइसही सांगते." काकू तेलाचा बोळा खळग्यांतून फिरवत होती. "इतकी वर्षं विचारतेय. गुड. व्हेरी गुड. सो गुड, सुलू. त्यावरून मला काय कळणार? आपल्या भाषेत चव सांगणारं कोणी इथे आलंच नाही. तू मराठीत सांग."

माझं मराठी घरापुरतं आहे. शाळेत तो एक विषय होता, पास होण्यापुरता. मी दुसरा गोळा घेतला आणि या वेळी हळू चावला. "बाहेरून... खरपूस. पण पातळ. धिरड्याची कड असते ना, तशी."

"हं. आणि आत?"

"आत कच्चं वाटतं, पण कच्चं नसतं. खरवस नीट धरला नाही तर मधे राहतो, तसं. गोड नाही अर्थात."

"मऊ."

"मऊ. आणि सॉस आंबटगोड, भेळेच्या चटणीसारखा, पण चिंच नाही. वरचे ते पापुद्रे... धूर. चुलीवर तापवलेल्या पाण्याला येतो तो वास."

काकूचा हात चालूच होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. "आणि मधला तुकडा? तो कसा?"

मी बराच वेळ चावत राहिले. चिवट म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. रबर म्हटलं तर अन्याय. मागे गिऱ्हाईक खोकलं. जॉइस आम्हाला दोघींना आळीपाळीने बघत होती. "फणस," मी शेवटी म्हणाले. "गऱ्यासारखा. दाताला लागतो, जरा मागे ढकलतो, मग तुटतो."

सळी थांबली. "कापा की बरका?"

कापा म्हणजे करकरीत गऱ्याचा फणस, बरका म्हणजे बिळबिळीत. एवढं मला आजोळच्या उन्हाळ्यांमुळे माहीत होतं. "कापा," मी म्हणाले.

"बघ." काकूने तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळल्यासारखं केलं. "मला इतकी वर्षं वाटायचं बरका असणार. दिसतो तसा." ती वळून जॉइसला इंग्रजीत म्हणाली, "फर्म जॅकफ्रूट."

"गुड?" जॉइसने विचारलं.

"गुड," काकू म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग ती शेवटी त्या स्टुलावर बसली.

ऊन उतरायला लागल्यावर मचाणावर ढोल सुरू झाला आणि लोक त्याच्याभोवती गोल करून नाचू लागले. संथ, ठरलेल्या पावलांनी. चुकणाऱ्यांना कोणी थांबवत नव्हतं. तंबू आवरून काकू मला कंदिलांच्या दोऱ्यांखाली घेऊन गेली. प्रत्येक कंदिलावर गेलेल्या माणसाचं नाव होतं. बहुतेक जपानी, काही इंग्रजी, आणि एकावर तिच्या अक्षरात देवनागरीत काकांचं नाव.

"आपला पितृपंधरवडा कसा गप्प असतो," ती म्हणाली. "यांचा हा असा. तुझ्या काकांना नाच आवडला नसता. पण गर्दी आवडायची."

खिशात फोन वाजला. या वेळी मेसेज नव्हता, दादा फोनच करत होता. मी तो हातात धरून उभी राहिले.

"घे की," काकू म्हणाली. "विचारेल, बोललीस का."

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"अगं, तिकिटाचा ईमेल मलाच आला. माझं नाव घालून माझ्याच अकाउंटमधून काढलंय. माइल्स मिळावेत म्हणून. हुशार मुलगा." फोन वाजून थांबला. "आणि तुला पाठवलं कारण तू भांडत नाहीस."

"हो," मी म्हणाले.

"मग न भांडता सांग. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं हे विचारायची कोणाला सवय नाही, कारण मी उत्तर देत नाही. पण त्या दिवशी ऑक्टोपस कसा लागतो हे सांगून झालं होतं. त्यापुढे हे थोडं सोपं गेलं. "मला वाटतं तू इथे आहेस तशी तिकडे नसशील," मी म्हणाले. "पण तू पुन्हा पडलीस तर? दादा घाबरलाय, काकू. खरंच. तो रात्री उठून तुझ्या गावचं तापमान बघतो."

काकू नाचणाऱ्यांकडे वळली. "मीही घाबरलेय. बर्फात पडल्या पडल्या मला आभाळ दिसत होतं आणि वाटत होतं, आता जॉइस कुत्रा फिरवायला निघेल, आता निघेल. निघाली. पुढच्या वेळी कुत्रा आजारी असला तर?" तिने मनगट चोळलं. "मी अडून बसलेली नाही. पण त्याने मला काय हवं ते विचारलं नाही गं. भिंतीला रंग कोणता लावू ते विचारलं. मी पिवळा म्हटलं."

मी दादाला मेसेज केला, 'सोमवारी भेटल्यावर सांगते.' मग जॉइस आली, तिने माझा हात धरला आणि मला गोलात ओढलं. मी सगळी पावलं चुकले. बाहीवरचा पिठाचा डाग एव्हाना वाळून कडक झाला होता.

सोमवारी काकूने मला सोडलं. डोंगर नव्हता, सगळं ढगात होतं. विमानात शेजारची जागा रिकामी राहिली. काकूच्या नावाची ती जागा. मी तिच्यावर साखरांब्याचा डबा ठेवला, मग पट्ट्याने बांधला, आणि आता स्थिर बसू नये असं काही कारण उरलं नव्हतं, तरी बसवेना. एवढं मात्र कळलं होतं की एक तास कोणाच्या नकळत काढून ठेवायचा, हे मी फक्त खाण्याच्या बाबतीत करत नाही. दादाच्या वरच्या खोलीतही मी तशीच, चोरून राहिल्यासारखी राहते आहे.

नेवार्कला निखिलदादा बाहेर ट्रॉली घेऊन उभा होता. त्याने माझ्या मागे बघितलं, आणखी थोडं मागे बघितलं, मग ट्रॉली सोडून दिली.

गाडी हायवेला लागली. कारखान्यांच्या धुराड्यांवरून उन्हाची शेवटची तिरीप जात होती.

"तू तिला कन्व्हिन्स केलंच नाहीस," तो म्हणाला.

"नाही. मी तिला चव सांगितली." आणि मी सगळं सांगितलं. माझं खाणंही.

"तू ऑक्टोपस खातेस? माझ्या घरात राहून?"

"बाहेर खाते."

तो हसला नाही, पण खांदे जरा खाली आले. पुढच्या सिग्नलला तो म्हणाला, "मलाही विचारायची. लहानपणी त्या तंबूमागे बसून खायचो मी. ती विचारायची, कसं लागतं रे? मी म्हणायचो, गुड, मॉम, आणखी दे." सिग्नल हिरवा झाला तरी त्याने लगेच गाडी काढली नाही. मागून हॉर्न वाजला. "तू काय सांगितलंस?"

"काप्या फणसासारखं."

"कापा म्हणजे काय?"

वेस्ट विंडसर येईपर्यंत मी त्याला फणसाच्या जाती समजावत होते. घराच्या वळणावर त्याने मधेच विचारलं, "तिकडे बर्फ साधारण कधी पडतो गं? जानेवारी?"

"तू वाढलास तिथे."

"मला फक्त शाळेला सुट्टी मिळायची ते आठवतंय." त्याने गाडी गॅरेजसमोर थांबवली. इंजिन बंद केलं, पण उतरला नाही. "महिनाभर तिथून काम करता येईल मला. विचारतो ऑफिसात." मग थांबून म्हणाला, "आधी तिला विचारतो."

तो फोन काढून गाडीतच बसला. मी बॅग घेऊन आत गेले. जिन्याशी खालच्या खोलीचं दार उघडं होतं. भिंती पिवळ्या झाल्या होत्या आणि ताज्या रंगाचा वास बाहेरपर्यंत येत होता. मी आत जाऊन खिडकी उघडली. बाहेर दादा इंग्रजीत बोलत होता, मग मराठीत, आणि मधे मधे नुसतं ऐकत होता.

वर जाऊन मी बॅग उघडली नाही. लॅपटॉप उघडला आणि माझ्यासाठी भाड्याची जागा शोधायला लागले. स्वयंपाकघर असलेली.